गार्नेटचा लाल खडा आणि युरोपचे तथाकथित अंधारयुग

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील ४१ क्रमांकाचे दालन इ.स. ३०० ते ११०० या काळातील युरोपसाठी राखलेले आहे. इजिप्तच्या ममी आणि ग्रीक शिल्पे पाहून थकलेले बहुतेक प्रेक्षक त्यातून घाईने पुढे निघून जातात. मी त्या दालनात अनेकदा गेलो आहे आणि दर वेळी एकाच काचेसमोर सर्वाधिक वेळ थांबलो आहे. त्या काचेमागे सटन हू येथील दफनातील सोन्याचे अलंकार आहेत. नखाएवढ्या आणि त्याहून लहान सोन्याच्या घरांमध्ये, एकमेकांना खेटून, गडद लाल गार्नेटचे खडे बसवलेले आहेत. हे खडे तेथवर कसे पोहोचले, आणि त्यांच्यामुळे त्या काळाविषयीच्या आपल्या समजुती कशा बदलतात, यासाठी हा धागा काढत आहे.

आधी स्थळाविषयी. इंग्लंडच्या पूर्वेला सफोक परगण्यात डेबेन नदीच्या काठी सटन हू ही जागा आहे. तेथील जमिनीच्या मालकीण एडिथ प्रेटी यांनी आपल्या आवारातील मातीच्या टेकाडांचे उत्खनन करण्याचे काम बॅझिल ब्राउन या स्थानिक उत्खननकाराकडे सोपवले. १९३९ च्या उन्हाळ्यात सर्वांत मोठ्या टेकाडाखाली सुमारे २७ मीटर लांबीचे जहाज मिळाले. ‘जहाज मिळाले’ असे म्हणणे खरे तर तितकेसे अचूक नाही. लाकूड पूर्ण कुजून गेले होते. लोखंडी खिळ्यांच्या ओळी आणि वाळूवर उमटलेला फळ्यांचा ठसा एवढेच उरले होते. ब्राउन यांनी एकेक खिळा जागचा न हलवता तो ठसा उघडा केला, म्हणून आज आपल्याला त्या जहाजाचा आकार माहीत आहे. मधोमध असलेल्या दफनकक्षात शिरस्त्राण, तलवार, ढाल, वीणेसारखे तंतुवाद्य, चांदीची भांडी आणि सोन्याचे अलंकार होते. मृतदेहाचा मात्र मागमूसही नव्हता, कारण तेथील आम्लधर्मी वाळूने हाडेही विरघळवून टाकली होती. काही काळ हे रिकामे स्मारकच असावे असा तर्क केला जात असे. पुढे देह कुजल्यावर मातीत उरणाऱ्या फॉस्फेटच्या तपासणीमुळे तेथे देह असावा या मताला बळ मिळाले. पूर्व इंग्लंडमधील ईस्ट अँग्लिया या तत्कालीन राज्याचा राजा रेडवाल्ड याचे हे दफन असावे, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. तो इ.स. ६२४ च्या सुमारास मरण पावला.

हा अंदाज बांधायला मोठी मदत झाली ती एका बटव्याची. चामडे नष्ट झाले असले तरी त्याचे जडावाचे झाकण आणि आतील ३७ सोन्याची नाणी शाबूत होती. ही सर्व नाणी आजच्या फ्रान्स आणि आसपासच्या प्रदेशातील, मेरोव्हिंजियन या फ्रँक राजघराण्याच्या काळातील टांकसाळींची आहेत, आणि ३७ पैकी प्रत्येक नाणे वेगळ्या टांकसाळीचे आहे. नेहमीच्या व्यवहारात हाती आलेली नाणी अशी नसतात, ती कोणीतरी मुद्दाम निवडून ठेवलेली असणार. त्यांच्यासोबत ३ कोऱ्या चकत्या आणि २ लहान लगडीही होत्या. ३७ आणि ३ मिळून ४० होतात, तेव्हा ही ४० वल्हेकऱ्यांची परलोकातील मजुरी असावी आणि लगडी सुकाणू धरणाऱ्यासाठी असाव्यात, असा एक तर्क मांडला गेला आहे. तर्क रम्य आहे, पण माझ्या मते नाण्यांची खरी किंमत त्यांच्या काळामुळे आहे. सर्वांत नवे नाणे ज्या काळातील असेल त्याच्या आधी ते दफन होऊ शकत नाही, हा साधा नियम येथे उपयोगी पडतो. त्याच कक्षातील चांदीच्या मोठ्या थाळ्यावर पूर्व रोमन सम्राट अनास्तासियस पहिला (इ.स. ४९१ ते ५१८) याच्या काळातील शिक्के आहेत. केवळ त्या थाळ्यावर विसंबून काळ ठरवला असता तर शंभर वर्षांची चूक झाली असती. कॉन्स्टँटिनोपलच्या राज्यात घडलेला थाळा पिढ्यान्‌पिढ्या हातोहात फिरत उत्तर समुद्राच्या काठी आला आणि एका टेकाडाखाली गेला.

आता गार्नेटकडे वळतो. खांद्यावर वस्त्र किंवा चिलखत अडकवण्यासाठी केलेल्या बिजागरीच्या दोन जोड्या, बटव्याचे झाकण आणि तलवारीची मूठ यांवर हे खडे आहेत. चपटे कापलेले हे खडे जेमतेम एक मिलिमीटर जाडीचे आहेत. प्रत्येकाखाली बारीक चौकड्यांची नक्षी उठवलेला सोन्याचा पत्रा घातला आहे. त्यामुळे खड्यातून आत गेलेला प्रकाश पत्र्यावरून परावर्तित होतो आणि दगड निखाऱ्यासारखा पेटलेला दिसतो. हे इतके नाजूक काम ज्या समाजात झाले, त्याच्या शतकांना ‘अंधारयुग’ म्हणण्याची प्रथा पुढील काळातील विद्वानांनी पाडली. रोमन वैभवाची आठवण काढत चौदाव्या शतकात इटालियन कवी पेत्रार्कने अंधाराचे रूपक वापरले आणि ते चिकटून राहिले. लिखित साधने कमी उरली आहेत हे खरे आहे. मात्र लिहिलेले कमी उरले म्हणून घडलेलेही कमी होते, असा निष्कर्ष काढता येत नाही.

या लाल खड्यांची युरोपातील सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत दुःखद गोष्ट सटन हूच्या आधीची आहे. फ्रँक या जर्मानिक लोकांचा राजा चिल्डेरिक पहिला इ.स. ४८१ किंवा ४८२ मध्ये मरण पावला. आजच्या बेल्जियममधील तूर्ने गावात २७ मे १६५३ रोजी आद्रियां कँकां या मूकबधिर गवंड्याला खोदकाम करताना त्याचे थडगे लागले. आत राजाच्या नावाची मुद्रिका होती, म्हणून ओळख निर्विवाद पटली. शिवाय गार्नेट जडवलेल्या तलवारीचे भाग आणि सुमारे ३०० सोन्याच्या मधमाश्या होत्या, ज्यांच्या पंखांत हेच लाल खडे बसवलेले होते. झां-जाक शिफ्ले या वैद्याने १६५५ मध्ये या वस्तूंचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. तो ठेवा ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याकडे व्हिएन्नाला गेला आणि तेथून १६६५ मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्याकडे भेट म्हणून आला. नेपोलियनने १८०४ मध्ये आपल्या राज्याभिषेकासाठी मधमाशीचे चिन्ह घेतले ते त्यावरूनच. मग नोव्हेंबर १८३१ मध्ये पॅरिसच्या शाही ग्रंथालयात चोरी झाली आणि चोरांनी बहुतेक सोने वितळवून टाकले. थोड्या वस्तू सीन नदीतून परत मिळाल्या. ३०० मधमाश्यांपैकी आज दोन उरल्या आहेत. बाकीच्यांविषयी आपल्याला जे काही कळते ते शिफ्लेने चित्रे करून घेतली म्हणून. कोणत्याही संग्रहालयात काचेमागील वस्तूइतकीच तिची नोंदवही मोलाची असते, हे मला या एका घटनेने शिकवले.

आपण पाहिलेल्या या काळातील वस्तूंविषयी कृपया लिहावे. दुरुस्त्यांचेही स्वागत आहे.

प्रतिसाद : सांजवात

लेख अतिशय आवडला. एक शंका आहे. हे खडे दुरून आले असे आपण सूचित केले आहे, पण ते नेमके कोठून आले हे आपण सांगितलेले नाही, आणि ते कसे ठरवतात हेही नाही. गार्नेट जगात पुष्कळ ठिकाणी मिळते. दोन लाल दगड शेजारी ठेवले तर डोळ्यांना तर सारखेच दिसतील. कारागिरीच्या शैलीवरून कारागीर कोठला ते कळू शकेल, पण दगड कोठला ते कसे कळणार?

प्रतिसाद : लेखक

सांजवात, आपला प्रश्न अगदी मर्मावर आहे. पॅरिसमध्ये लूव्रच्या तळघरात संग्रहालयीन वस्तूंच्या परीक्षणासाठी एक कणत्वरक, म्हणजे सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणारे यंत्र, बसवलेला आहे. त्यातून प्रोटॉनांचा बारीक झोत खड्यावर सोडतात. खड्यातील प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण बाहेर टाकते, आणि ते मोजून दगडात काय किती आहे ते कळते. दगडाला ओरखडाही पडत नाही. गार्नेट हे एक कुटुंब आहे. लोहाचे प्रमाण जास्त असलेल्या प्रकाराला अल्मंडाइन म्हणतात आणि मॅग्नेशियमचे जास्त असलेल्याला पायरोप. आपल्या नवरत्नांतील गोमेद हाही याच कुटुंबातला, पण कॅल्शियमयुक्त आणि मधाच्या रंगाचा. क्रोमियम आणि यिट्रियम यांसारख्या सूक्ष्म घटकांवरून, तसेच दगडात अडकलेल्या इतर खनिजांच्या कणांवरून, निरनिराळ्या प्रदेशांतील दगड वेगळे ओळखता येतात.

पॅरिसजवळच्या सां-दनी येथील मेरोव्हिंजियन थडग्यांतील खड्यांचे असे परीक्षण झाले, तेव्हा जुन्या अलंकारांतील बहुतेक गार्नेट भारत आणि श्रीलंका येथील असल्याचे दिसून आले. सातव्या शतकातील अलंकारांत मात्र मध्य युरोपातील बोहेमियाचे, आकाराने लहान असलेले पायरोप येऊ लागतात, आणि त्याच सुमारास मुख्य भूमीवरील भरगच्च गार्नेटकामही ओसरत जाते. हे का झाले याबद्दल मतभेद आहेत. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात इराणच्या सासानी सत्तेने येमेनवर ताबा मिळवला आणि तांबड्या समुद्राच्या तोंडाशी व्यापार अडला, असे एक मत आहे. अभिरुची बदलली आणि मागणीच घटली, असे दुसरे मत आहे. मला वाटते दोन्ही कारणे एकत्र असावीत, कारण इंग्लंडमध्ये त्यानंतरही जुन्या अलंकारांतील खडे काढून नव्यांत बसवलेले दिसतात. आवड संपली असती तर हा खटाटोप कोणी केला नसता.

प्रतिसाद : कोंदण

आमच्या घरी तीन पिढ्या जडावाचे काम होते, म्हणून हा धागा फार बारकाईने वाचला. खड्याखाली नक्षीचा पत्रा घालण्याविषयी आपण जे लिहिले आहे त्याला आमच्याकडे डांक म्हणतात. खड्याचे पाणी वाढावे म्हणून तो घालतात, त्यामुळे तेराशे चौदाशे वर्षांपूर्वीच्या सफोकच्या कारागिराने तेच केले हे वाचून मनापासून आनंद झाला.

मात्र एक फरक लक्षात घ्यावा असा आहे. आपल्या कुंदनकामात खड्याचा जो आकार असेल तो मानतात आणि शुद्ध सोन्याचा मऊ पत्रा त्याच्याभोवती दाबून कोंदण तयार करतात. म्हणजे सोने दगडाचे ऐकते. आपण दिलेल्या वर्णनावरून आणि मी पाहिलेल्या छायाचित्रांवरून तेथे उलट आहे. पायाच्या पत्र्यावर सोन्याच्या पातळ पट्ट्या उभ्या डाखून आधी घरे बनवली आहेत आणि मग दगड घासून त्या घरात बसेल असा केला आहे. पायऱ्यापायऱ्यांच्या आकाराची, छत्रीच्या आकाराची घरे आहेत. गार्नेट कठीण असते आणि पातळ केले की कडेला टवका उडतो. असे शेकडो खडे एका मापात कापायचे तर कोणाकडे तरी साचे, फिरते चाक आणि घासण्याची पूड असणारच, आणि चुकलेल्या खड्यांचा ढीगही असणार. एकटा गावसोनार हे करू शकत नाही. यामागे कारखाना, शिकवलेले हात आणि त्यांना वर्षभर पोसणारा कोणी धनी असला पाहिजे.

प्रतिसाद : रंकाळा

स्टॉकहोमच्या ऐतिहासिक संग्रहालयात एक वस्तू पाहिली होती, ती येथे सांगण्यासारखी आहे. मेलारेन सरोवरातील हेल्यो नावाच्या बेटावर १९५० च्या दशकात उत्खनन झाले. तेथे सुमारे साडेआठ सेंटीमीटर उंचीची, कमळावर बसलेल्या बुद्धाची काशाची मूर्ती मिळाली. ती सहाव्या शतकाच्या सुमारास आज पाकिस्तानात असलेल्या स्वात खोऱ्यात किंवा त्या परिसरात घडवलेली आहे. त्याच वसाहतीत आयर्लंडमधील बिशपच्या दंडाचे शीर्ष आणि इजिप्तमधील ओगराळे अशाही वस्तू मिळाल्या. व्हायकिंग काळाच्या उंबरठ्यावरील एका लहान बेटावर तिन्ही दिशांच्या वस्तू एकत्र आल्या होत्या.

मी मूळचा कोल्हापूरचा असल्याने ती मूर्ती पाहताना मला आमच्या टाऊन हॉलमधील संग्रहालय आठवले. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात सातवाहनकालीन थर उघडे झाले, आणि त्यांत ग्रीक समुद्रदेव पोसायडनची लहानशी काशाची मूर्ती मिळाली. ती सातवाहन काळातील आहे, म्हणजे हेल्योच्या बुद्धाहून काही शतके जुनी. लहानपणी शाळेच्या सहलीत मी तिच्याजवळून धावत पुढे गेलो होतो. ज्याने बुद्ध हेल्योला नेला त्याला बुद्ध कोण हे माहीत होते का, आणि ब्रह्मपुरीच्या त्या घरात पोसायडनला काय नावाने ओळखत असतील, हे दोन्ही प्रश्न मला एकाच जातीचे वाटतात.

प्रतिसाद : उल्हासकाठ

वर तांबड्या समुद्राच्या मार्गाचा उल्लेख आला आहे, म्हणून एक पूरक माहिती देतो. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने, जो पुढे संन्यस्त झाला, ग्रीक भाषेत लिहिलेल्या आपल्या ग्रंथात हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांची नावे दिली आहेत. त्यांत कल्लियाना हे नाव आहे आणि अभ्यासक ते आपले कल्याण असल्याचे मानतात. तेथे इराणमध्ये नेमणूक झालेला ख्रिस्ती बिशप होता असेही तो सांगतो. म्हणजे फ्रँक राजघराण्यातील स्त्रिया हे लाल खडे अंगावर वागवत होत्या त्याच शतकात कल्याणच्या खाडीला पश्चिमेकडील जहाजे लागत होती. खडे कल्याणहूनच गेले असे मी मुळीच सुचवत नाही, कारण कॉस्मसने कल्याणच्या संदर्भात त्यांचा उल्लेख केलेला नाही. मार्ग चालू होता, इतकेच त्यावरून निश्चित म्हणता येते.

प्रतिसाद : नांगरट

चर्चा उत्तम चालली आहे, तरीही एक आक्षेप नोंदवणे मला आवश्यक वाटते. ‘अंधारयुग’ हा शब्द चुकीचा होता हे मान्य, पण राजांच्या थडग्यांतील सोने दाखवून तो काळ उजळ होता असे सिद्ध होत नाही. रोमन सत्ता पाचव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधून गेल्यावर तेथे चाकावर घडवलेल्या मडक्यांचे मोठे कारखाने बंद पडले, नाण्यांचा रोजचा व्यवहार थांबला आणि चुन्यातील दगडी बांधकाम जवळजवळ नाहीसे झाले. रोमन काळात साध्या शेतकऱ्याच्या घरीही चांगले भाजलेले मडके असे. दोनशे वर्षांनंतर राजाकडे हिंदुस्थानचे गार्नेट होते, आणि शेतकऱ्याकडे हाताने थापलेले, धड न भाजलेले भांडे होते. संग्रहालयाच्या मधल्या काचेत गार्नेट येते आणि मडके कोपऱ्यात जाते, त्यामुळे पाहणाऱ्याचा समज एकांगी होतो.

प्रतिसाद : लेखक

नांगरट, आपला आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो, आणि मूळ लेखात ही बाजू यायला हवी होती. माझ्या मते आपण आणि मी एकाच वस्तुस्थितीची दोन टोके सांगत आहोत. व्यापार संपला नव्हता, पण तो आटून अत्यंत अरुंद झाला होता. त्यातून वाहून येत होते ते हलके, दुर्मीळ आणि राजाने आपल्या सरदारांना देण्याजोगे. तेल, धान्य, मडकी असा जड आणि स्वस्त माल येणे थांबले होते. कोंदण यांनी म्हटल्याप्रमाणे कारखान्याला धनी लागतो, आणि तो धनी निष्ठा विकत घेण्यासाठीच हे अलंकार घडवून घेत होता.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा इंग्लंडमधील स्टॅफर्डशायरच्या ठेव्यात आहे. जुलै २००९ मध्ये एका शेतात धातुशोधक यंत्राने तो सापडला आणि आता बर्मिंगहॅम व स्टोक-ऑन-ट्रेंट येथील संग्रहालयांच्या ताब्यात आहे. सुमारे ४ किलो सोने, १.७ किलो चांदी आणि ४,६०० च्या आसपास तुकडे, पण त्यांत स्त्रियांचा एकही अलंकार नाही. जवळजवळ सर्व काही युद्धसाहित्य आहे, विशेषतः तलवारींच्या मुठींवरून उचकटून काढलेली सोन्याची जडावाची अंगे. पाती नाहीत. जिंकलेल्याने हरलेल्याच्या शस्त्रांवरील मानचिन्हे उतरवून घेतली असावीत असे वाटते. दुमडलेल्या एका पट्टीवर बायबलमधील लॅटिन वचन कोरलेले आहे : हे प्रभू, ऊठ, तुझे शत्रू विखुरले जावोत. धर्मवचन आणि लूट एकाच खड्ड्यात होती.

प्रतिसाद : सांजवात

कणत्वरकाबद्दलच्या सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. पुढच्या महिन्यात लंडनला जाणे होत आहे आणि ४१ क्रमांकाच्या दालनासाठी दोन तास राखून ठेवले आहेत. सटन हू सोडून तेथे आणखी काय चुकवू नये?

प्रतिसाद : लेखक

दोन वस्तू सुचवतो. सोन्याची वस्तू शोधत न जाता आधी हाडाची एक लहान पेटी पाहा, जिला फ्रँक्सची पेटी म्हणतात. ती आठव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर इंग्लंडमधील नॉर्थम्ब्रियात, किनाऱ्यावर येऊन पडलेल्या देवमाशाच्या हाडातून कोरलेली आहे, आणि ही हकिगत पेटीवरच रून लिपीतील पद्यात दिली आहे. पुढील बाजूच्या डाव्या अर्ध्यात जर्मानिक कथेतील वेलांड लोहार आहे आणि उजव्या अर्ध्यात बाळ येशूला भेटायला आलेले तीन ज्ञानी पुरुष. इतर बाजूंवर लांडगीचे दूध पिणारे रोम्युलस व रीमस, तसेच रोमन सेनापती टायटसने जिंकलेले जेरुसलेम आहे. तीन परंपरांच्या कथा एकाच हाताने, कोणतीही खालची न मानता, शेजारी शेजारी कोरल्या आहेत. चित्रांभोवतीची अक्षरे फिरत फिरत जातात आणि मध्येच रून सोडून लॅटिनमध्ये शिरतात, म्हणून पेटीला सावकाश पूर्ण प्रदक्षिणा घालावी.

दुसरी वस्तू म्हणजे मध्य इंग्लंडमधील मर्सियाचा राजा ऑफा (इ.स. ७५७ ते ७९६) याचे सोन्याचे नाणे. ते अब्बासी खलीफा अल-मन्सूरच्या हिजरी १५७ मधील दिनारची नक्कल आहे. अरबीत ‘अल्लाहशिवाय देव नाही’ हे वचन आहे आणि त्याच्यामध्ये लॅटिन लिपीत ‘ऑफा रेक्स’ ही अक्षरे अरबी मजकुराच्या तुलनेत उलटी पडली आहेत. ठसा कोरणाऱ्याला अरबी वाचता येत नव्हते, पण हे सोने कोठेही चालेल हे त्याला पक्के ठाऊक होते. नाणे बोटाच्या पेराएवढे आहे, ते कोणत्या काचेत आहे हे आत शिरतानाच विचारून घ्या.

पेटीची उजवी बाजू पाहताना एवढे ध्यानात असू द्या की लंडनमध्ये आहे ती साच्यातून काढलेली प्रतिकृती आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील ओझों गावातील एका कुटुंबात ही पेटी शिवणकामाचे सामान ठेवण्यासाठी वापरात होती. चांदीच्या पट्ट्या काढल्यावर ती सुटी झाली. ऑगस्टस फ्रँक्स यांनी मिळवून १८६७ मध्ये संग्रहालयाला दिलेल्या भागांत ही बाजू नव्हती. मूळ फळी फ्लॉरेन्सच्या बार्जेलो संग्रहालयात आहे. त्याच फळीवरील चित्राचा अर्थ अजून कोणालाही सर्वमान्य होईल असा लावता आलेला नाही. थडग्यासारख्या टेकाडापाशी एक घोडा मान खाली घालून उभा आहे आणि मजकुरातील स्वर सांकेतिक चिन्हांत लिहिलेले आहेत. पाहून आल्यावर आपल्याला त्यात काय दिसले ते येथे जरूर लिहा.